शांतव्वा आणि विठाबाईची सामाईक भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच मान वर करून बघतात, अंगावर पडते की काय म्हणून. तेव्हा आधीच सांगते, मी पडत नाही. खाली काळा दगड आणि वर पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, अशी माझी बांधणी. जाडी दीड हात. उन्हाळ्यात मला पाठ लावून बसा, पंख्याची आठवण होणार नाही. हल्लीच्या चार इंची भिंती बघितल्या की मला त्यांची कीव येते. एका खोलीत कुणी शिंकलं तर शेजारच्या खोलीतला माणूस नाक पुसतो. वरून रंग मात्र असा की जणू लग्नाला निघाल्यात.

मी राहते कोल्हापुरात, महाद्वार रोडवरून आत वळणाऱ्या एका अरुंद गल्लीत. अंबाबाईच्या देवळातली घंटा इथे स्पष्ट ऐकू येते. मी एका घराची नाही. मी दोन घरांची सामाईक भिंत आहे. माझ्या एका अंगाला रुद्राप्पांचं घर आणि दुसऱ्या अंगाला गुंडूरावांचं. रुद्राप्पा लिंगायत, भुसार मालाचे दुकानदार. त्यांच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायचं, आणि रागवायची वेळ आली की फक्त कानडी. गुंडूराव मराठा. त्यांच्या दावणीला म्हशी. दोघं लहानपणापासून एकाच तालमीत मातीत लोळलेले. दोघांनी मिळून एक मोकळी जागा घेतली, निम्मी निम्मी केली आणि जोतीराम नावाच्या गवंड्याकडून मधे मला उभी करून घेतली. जोतीराम कमी बोलायचा आणि माती मात्र मनापासून तुडवायचा. त्याचं काम अजून उभं आहे, तुमच्यासमोर बोलतंय.

त्याने माझ्या पोटात छातीएवढ्या उंचीवर एक दिवळी ठेवली. साधा कोनाडा नव्हे, आरपार. गल्लीत तेव्हा वीज नव्हती. दिवळीत एक चिमणी ठेवली की दोन्ही घरांत उजेड पडायचा. एक दिवस तेल यांचं, एक दिवस त्यांचं. पुढे वीज आली आणि दिवा गेला, पण दिवळी राहिली. मग त्यातून बोलणं जायला लागलं, आणि बोलण्याच्या मागोमाग वाट्या.

रुद्राप्पांची बायको शांतव्वा. जिभेने तिखट, हाताने सढळ. पाठोपाठ गुंडूरावांची बायको म्हणून विठाबाई आली. ती शांतव्वापेक्षा लहान, म्हणून तिला आक्का म्हणायची. हाक एवढी मोठी की दावणीच्या म्हशी माना वर करायच्या. शांतव्वाकडून शेंगाचटणी, कडक भाकरी, सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, दिवळीतून पलीकडे जायची. विठाबाईकडून ताक, खरवस, साय अलीकडे यायची. आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही, हा दोघींचा नेम. त्यामुळे एक पितळेची वाटी वर्षानुवर्षं माझ्यातून ये-जा करत राहिली. ती मुळात कुणाची, हे आता दोघींनाही आठवत नाही.

पण विठाबाईच्या घरात बुधवारी आणि रविवारी मटण शिजायचं, आणि शांतव्वाच्या घरात तर कांदाही सोमवारी चालत नसे. आल्या आल्या विठाबाईने सुताराला बोलावून दिवळीला तिच्या बाजूने लाकडी झडप बसवून घेतली.

"आक्का, मटणाच्या दिवशी मी झडप लावून घेत जाईन. तुला तरास नको," ती म्हणाली.

"वासाला झडप दिसती व्हय गं?" शांतव्वा म्हणाली.

"मग काय करू? रश्शाला सांगू, गप शिज म्हणून?"

"सांग की. तुझं ऐकंल त्यो. तुझा आवाज ऐकून म्हशी बी दूध देत्यात."

झडप लागली. बुधवार-रविवार ती बंद, बाकीचे दिवस उघडी. झडपेकडे बघून मला वार कळायचा.

मित्रांनो, माझे खरे कामाचे दिवस आले ते नव्वद सालानंतर. देवीला माणसं आधीही येत. पण आता एस.टी. भरभरून, मग जीपा भरून, मग मोठ्या काचांच्या गाड्या भरून येऊ लागली. नवरात्रात तर गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. दारात येऊन अनोळखी माणूस विचारायचं, अंघोळीला जागा मिळेल का. विठाबाई कुणाला नाही म्हणायची नाही. "या पावणं, मोरी मोकळी हाय," म्हणायची, आणि तोवर तिच्याच घरातली माणसं पंचा खांद्यावर टाकून उभी असायची.

मग गुंडूराव वारले. गल्लीत गाड्यांची एवढी गर्दी झाली की म्हशी बाहेर काढणं मुश्कील झालं. विठाबाईने त्या विकल्या. गोठा धुतला, फरशी घातली, दोन खोल्या काढल्या आणि तिथे देवीच्या दर्शनाला आलेली माणसं राहू लागली. म्हशींच्या जागी पावणी आली. विठाबाई म्हणायची, "म्हशी बऱ्या हुत्या. निदान पाणी किती वाजता येतंय असं धा येळा इचारत न्हवत्या."

एका रविवारी गदगकडचं एक कानडी कुटुंब उतरलं. सोबत म्हातारी माणसं. दर्शन करून दमून आली, आणि विठाबाईच्या चुलीवर तेव्हा पांढरा रस्सा उकळत होता. झडप बंद होती. ती पलीकडून धाडकन उघडली.

"आक्का, तुझी माणसं आल्याती बघ."

"माझी कुठली?"

"कानडी हायत. त्यांचं मला कळंना, माझं त्यांना कळंना. भुकेजल्यात एवढं कळलं. आन् माझ्याकडं आज काय शिजतंय ते तुला ठावं हाय."

"मग धाड की हिकडं. दिवळीतनं काय काय देऊ? ताट मावंना झालंय."

ती माणसं गल्लीतून वळसा घालून शांतव्वाच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, आली. "बर्री, ऊटा माड्री," या, जेवा, असं शांतव्वा म्हणाली आणि त्यातल्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या गावात आपली भाषा भेटली की जेवण आधीच निम्मं झालेलं असतं. ती मला पाठ टेकून बसली आणि म्हणाली, किती गार भिंत आहे ही. मी ते कौतुक अजून जपून ठेवलं आहे. लोक येतात, देवळाच्या दगडांचं कौतुक करतात. घराच्या भिंतीचं कोण करतो?

त्या दिवसापासून रीत पडली. राहायचं पलीकडे, जेवायचं अलीकडे. कुणी ठरवलं नाही, कुणी पाटी लावली नाही. शांतव्वाची एकच खोड. जेवणाचे पैसे मागायची तिला लाज वाटायची. "आमच्यात बसून भाकरी खाल्ली, आता त्यांच्याकडं हात कसा पसरू?" रुद्राप्पा म्हणायचे, "अगं, आपण धंदा करतोय." ती म्हणायची, "धंदा तुमच्या दुकानात करा. माझ्या सोप्यात येतंय ते पावणंच." शेवटी विठाबाईच राहण्याच्या पैशांत जेवण धरून घ्यायची आणि ते पैसे शांतव्वाच्या पिठाच्या डब्यावर ठेवून जायची. यावरून दोघींची महिन्यातून एकदा तरी भांडणं. भांडण मात्र दिवळीतूनच. वळसा घालून भांडायला जायला दोघींना वेळ नसे.

पण मित्रांनो, देवळाजवळ घर असणं म्हणजे लोकांना वाटतं तशी चैन नाही. बाहेरचा माणूस म्हणतो, काय नशीब, रोज दर्शन. त्याला काय माहीत? खोल्या भाड्याने दिल्या म्हणून घरफाळा वाढला. नळाचं पाणी कमी झालं आणि त्याचं बिल वाढलं. कौलं बदलायची तर माल गल्लीच्या तोंडाशी उतरवून हमालाकडून आत आणायचा, कारण गाडी येत नाही. दारासमोर रात्रंदिवस परक्या चपला. बाकीची गल्लीही बदलत चालली. समोरच्या घरांची माणसं घरं विकून फुलेवाडीला, कळंब्याला गेली आणि घरांचे लॉज झाले. पीठगिरणी गेली, तिथे गजऱ्या-बांगड्यांचं दुकान आलं. ओटीचं सामान ढीगभर मिळायचं, पण कोथिंबिरीची पेंढी आणायला मंडईपर्यंत चालावं लागायचं. संक्रांतीला हळदीकुंकवासाठी गल्लीत बायका पुऱ्या पडेनात. एके वर्षी विठाबाईने सरळ राहायला आलेल्या पावण्या बायकांना वाण देऊन टाकलं.

एका नवरात्रात तर कमाल झाली. गर्दीसाठी गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेला एक नवा पोलीस तिथे उभा. मंडईतून परत येणाऱ्या शांतव्वाला त्याने अडवलं. "आजी, रांगेतून या."

"बाळा, ही रांग देवीला जातीया. मला माझ्या चुलीला जायचंय."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळ्यांच्या पिशवीत मेथी असती व्हय?"

पोलीस पिशवीत बघून हसला आणि त्याने बांबू उचलला. घरी येऊन शांतव्वा मला पाठ लावून बसली. पलीकडे विठाबाईला सगळं सांगितलं. दोघी पोट धरून हसल्या. हसणं संपल्यावर शांतव्वा हळूच म्हणाली, "आपुन हितलं हाय, हे आता पिशवी दाखवून सांगायला लागतंय बघ विठा."

आणखी काही वर्षांनी रुद्राप्पाही गेले. दोन्ही घरांत आता मुलांच्या हातात कारभार. विठाबाईचा मुलगा बाळासो. त्याची सुमो गाडी होती. पावण्यांना ज्योतिबा, पन्हाळा, नरसोबाची वाडी फिरवून आणायचा. पावण्यांना काय पाहिजे ते त्याला बरोबर ठाऊक. शांतव्वाचा मुलगा शिवशरण. तो कबनूरला एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर कामाला. रोज मोटरसायकलवरून जायचा-यायचा, पाठ धरून बसायचा. दोघंही पोरं गुणाची. लहानपणी माझ्यावर कोळशाने स्टंप काढून क्रिकेट खेळलेली. मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही.

एक दिवस बाळासो शांतव्वाच्या सोप्यात येऊन बसला.

"मावशी, आता पावणं इचारतंय, लिफ्ट हाय काय. संडास-बाथरूम खोलीत हाय काय. आपल्या दोन खोल्यांवर किती दिवस चालणार? दोन्ही घरं एक केली तर तीन मजली यात्री निवास हुतंय. तुमच्या घराचं मी बाजारभावापेक्षा जास्त देतो. दुसऱ्या कुणी फसवायच्या आधी मी घेतलेलं बरं."

शिवशरणलाही ते पटलं. त्याने कबनूरला एक फ्लॅट बघून ठेवला होता. आईला मोटरसायकलवर बसवून नेऊन दाखवलाही. घरात चोवीस तास नळ, बसायचा संडास, गॅलरी. शांतव्वाने सगळं बघितलं आणि म्हणाली, "बरं हाय." शिवशरणने ते होकार म्हणून धरलं. मुलांना आईचं "बरं हाय" कधी नीट कळत नाही.

दोन घरं एक करायची म्हणजे मधली भिंत पाडायची. म्हणजे मला. पण खरं सांगते, माझं दुःख मला तेवढं नव्हतं. माती मातीत जाते. मला काळजी होती ती शांतव्वाची. तिचं घर म्हणजे या चार खोल्या नव्हत्या. पलीकडून विठाबाईची हाक येणं म्हणजे तिचं घर होतं. आणि ते आता जाणार होतं.

मित्रांनो, भिंतीला पोट असतं, तोंड नसतं. दोन्ही बाजूंचं ऐकायचं आणि गप्प बसायचं, हे माझ्या नशिबी. दुपारी शांतव्वा मला टेकून शेंगा फोडायची आणि स्वतःशी पुटपुटायची, "विठानं जलमभर शेण काढलं. आता तिच्या ल्योकाचं नशीब उघडतंय. मी हितं ऱ्हातो म्हटलं तर तिच्या वाटंत धोंडा." त्याच वेळी पलीकडे विठाबाई तांदूळ निवडत बसलेली असायची, तीही मलाच टेकून. "आक्काचं गुडघं गेल्यात. तितं घरात पाणी हाय, जिना चढायला नगो. तिला थांब म्हणू तर कुठल्या तोंडानं म्हणू?" दीड हातांवर दोघी. एकीची पाठ दुसरीच्या पाठीला. मधे मी.

आणि दिवळीतून मात्र काय बोलायच्या?

"तुझं बरं झालं गं आक्का. फ्लॅट म्हंजे राणीचं सुख."

"तुझं बी बरं झालं. लॉजची मालकीण. उद्या मला वळखशील का न्हाय?"

"मी कशाला ईसरू? तूच ईसरशील गॅलरीत बसून."

"बसू दे की मग. जलमभर काय तुझं आरडणंच ऐकत बसू?"

बोलणं असं वाकडं व्हायला लागलं. गोड बोलायचं मनात असतं आणि खोटं बोलायला लागतं, तेव्हा जीभ कडू होते. शेवटी एका सोमवारी झडप लागलेली मी बघितली. सोमवारी. पलीकडे मटण नव्हतं, काही नव्हतं. मंगळवारीही ती लागलेलीच. वाटी त्या वेळी अलीकडे होती. तिच्यात शांतव्वाने शेंगाचटणी भरून ठेवली होती, ती तशीच झाकून राहिली.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी मला कुणी चुना लावला नाही. दरवर्षी विठाबाई चुन्यात नीळ घालायची, शांतव्वा नुसता पांढरा शुभ्र लावायची. या वर्षी दोन्ही घरांत एकच वाक्य. पाडायचीच आहे, कशाला खर्च? माझ्या पायथ्याशी ओल चढली, पोपडे सुटले. आजवर कुणी मला असं वागवलं नव्हतं. मीही मग थोडी माती सांडली, मुद्दाम, त्यांच्या स्वच्छ फरशीवर.

दिवाळीनंतर मोजणीचा दिवस ठरला. मोजणीला आले सयाजीराव म्हणून. जागा मोजून नकाशे काढणं हा त्यांचा धंदा. गळ्यात चष्मा, हातात टेप. दोन्ही घरं आतून बाहेरून मोजली आणि शेवटी माझ्यापाशी येऊन उभे राहिले. मला टेप लावला, हाताने थापटलं.

"भिंत भक्कम आहे हो," ते म्हणाले. "पण आडवी-उभी बघितली तर एका छोट्या खोलीएवढी जागा हिनेच खाल्लीये. ही कुणाच्या हद्दीत धरू?"

आता गंमत ऐका. त्याच सकाळी शिवशरणने आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "अव्वा, विचारलं तर भिंत आपली म्हण. किमतीत फरक पडतो." आणि पलीकडे बाळासोने विठाबाईला सांगितलं होतं, "आई, भिंत आपली म्हण. एकदा आपली झाली की कुणाला न विचारता पाडता येती." दोघांचंही मी ऐकलं होतं. आता दोघंही आपापल्या आईकडे बघत उभे.

शांतव्वाने पदर डोक्यावर घेतला. "भिंत त्यांची हाय," ती म्हणाली. "विठाबाईची."

शिवशरणने कपाळाला हात लावला. बाळासोचा चेहरा उजळला. सयाजीराव लिहायला वाकले.

"लिहू नका सायेब," विठाबाई म्हणाली. "खोटं बोलतीया ती. भिंत तिची हाय."

"मी खोटं बोलतो?" शांतव्वा वळली. "तुझ्या म्हशींच्या दावणीचा खुंटा कुणाच्या भिंतीत हुता गं?"

"आन् तुझ्या माळ्याच्या तुळया कशावर टेकल्यात्या? हवंवर? भिंत काढली तर तुझ्या डोक्यावर काय ऱ्हातंय ते सांग की सायबाला."

"माझ्या डोक्याची काळजी तू नगो करू."

"मग कुणी करायची? तुझ्या गॅलरीनं?"

सयाजीरावांनी लेखणी कानावर ठेवली. "बायांनो," ते म्हणाले, "माझी माझी म्हणून फावडी उगारलेली मी पुष्कळ बघितलीत. तिची तिची म्हणून भांडण आज पहिल्यांदाच बघतोय. एकदा काय ते ठरवा."

बाळासो पुढे झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "आई, भिंत मावशींची लिहिली तर त्या हो म्हणेपर्यंत मला तिला हात लावता येणार न्हाई. मग बिल्डिंगचं काय?"

"ते मला कळतंय," विठाबाई म्हणाली.

शांतव्वा विठाबाईकडे बघत राहिली. इतके दिवस जे दिवळीतून आलं नव्हतं ते तिला आता समोर दिसलं.

"म्हंजे मी जायचं न्हाय, असं म्हणतीस व्हय तू?"

"मी कुठं म्हटलं? जा की. मी काय तुझा पाय धरलाय? पर भिंत तुझी हाय. पाडायची तर तू पाड."

"मी कशाला पाडू? मला काय खूळ लागलंय?"

"मग ऱ्हा," विठाबाई म्हणाली.

एवढंच. शांतव्वाने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. शिवशरण बावरून म्हणाला, "अव्वा, तू तर फ्लॅट बघून बरं हाय म्हणालीस."

"मग? फ्लॅट बरा हायच. तू कवा इचारलास, अव्वा येतीस का म्हणून? तू दाखवलास, मी बघितलं."

शिवशरण आईजवळ सरकला. म्हणाला, "मग आता विचारतो. येतीस?"

"न्हाय," शांतव्वा म्हणाली. तिने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "पर तू जा. रोज त्या गाडीवर पाठ मोडून घेऊ नगो. रविवारी ये, पोरांना घेऊन."

सयाजीरावांनी नकाशावर माझ्या मधोमध एक बारीक रेघ ओढली आणि म्हणाले, "निम्मी निम्मी." टेप गुंडाळला, चहा घेतला आणि गेले. त्याच संध्याकाळी झडप उघडली आणि अडकून पडलेली वाटी ताजी चटणी घेऊन पलीकडे गेली.

बाळासो काही दिवस घुश्शात होता. साहजिक आहे. त्याची मोठी इमारत गेली. पण पोरगा कष्टाळू. मागच्या गोठ्याच्या जागेवर त्याने स्वतःचे खांब उभे केले, मला धक्का न लावता, आणि वर मोजक्या खोल्या काढल्या. लिफ्ट नाही. लिफ्टवाले पावणे दुसरीकडे जातात, जाऊ देत. म्हातारी माणसं असली की त्यांना तो खालची खोली देतो. शिवशरण बायको-पोरांना घेऊन कबनूरला राहायला गेला. त्या दिवशी शांतव्वा उंबऱ्याशी बराच वेळ उभी होती. हे मी लपवत नाही. घर राखलं म्हणजे सगळं राखलं असं होत नसतं. पोरं-नातवंडं दूर गेल्याची कळ तिच्या मनात आहे, आणि रविवारी ती सगळी आली की तिच्या कपाळावर लटक्या आठ्या आणि चुलीवर हुग्गी असते.

घरफाळा अजून भरावाच लागतो. पाणी अजून कमीच येतं. गर्दी तर वाढतेच आहे. पण पुढच्या नवरात्राआधी मला दोन्ही बाजूंनी चुना लागला. पायथ्याचे पोपडे खरवडून नवा गिलावा केला. त्याचा खर्च निम्मा निम्मा, आणि निम्म्याचा हिशोब पुन्हा भांडून.

आणि मग बाळासोच्या नव्या बाथरूमचं पाणी कुठूनसं झिरपायला लागलं. माझ्या वरच्या अंगाला ओल आली. शांतव्वाने ती बघितली आणि जी सुरुवात केली, ती पलीकडेच काय, देवळाच्या दारातही ऐकू गेली असेल.

"विठा, तुझ्या पावण्यांची अंघोळ माझ्या भिंतीवर उतरतीया. प्लंबरला बोलव, न्हायतर मी येतो तिकडं."

"ये की. पाय मोडल्यात व्हय? कवापासनं म्हणालीस येतो येतो."

त्या आरड्याओरड्यात मी निर्धास्त झाले, मित्रांनो. ज्याला उद्या घर सोडून जायचं असतं, तो भिंतीच्या ओलीसाठी घसा कोरडा करत नाही. दुपारी प्लंबर आला. ओल वाळली. भांडण अजून वाळलेलं नाही, ते दोघींना वाळवायचंही नाही.

मी आता थकले नाही, पण बोलून झालं. फक्त तुमच्यात जी मुलं असतील त्यांना सांगते, तुमची घरं नवी असतील, भिंती पातळ असतील. त्यांनाही जपा. ओल दिसली की वेळेवर बघा, वर रंग फासून झाकू नका. भिंतीत खिळा ठोकायच्या आधी पलीकडे आवाज द्या, पलीकडे कुणाचं तान्हं मूल झोपलेलं असेल. घर कितीला घेतलं, कितीला विकलं, हे मोठी माणसं बोलतात, बोलू देत. तुम्ही फक्त एवढं बघून ठेवा की तुमच्या भिंतीच्या पलीकडे कोण राहतं, त्याचं नाव काय, आणि त्याच्या घरी आज काय शिजलं आहे.

आणि पलीकडून कुणी कधी तुमच्यावर ओरडलं, तर वाईट वाटून घेऊ नका. पलीकडे अजून माणूस राहतं, एवढाच त्याचा अर्थ.